भिंतीवरची लढाई

आज अकोटहून फ्रेम आली. असईच्या लढाईच्या जुन्या कोरीव चित्राचं प्रिंट. मातीच्या भिंतीत खिळा ठोकताना दोनदा पोपडा पडला, तिसऱ्यांदा टिकला. चष्मा लावून पाहिलं तर तोफांचा धूर म्हणजे नुसत्या बारीक रेघा! अन् घोड्याच्या टापांखाली एक शिपाई, त्याचं तोंडसुद्धा धड कोरलेलं नाही.

आजी म्हणाली, "हे मेलेले मानसं कायले टांगतं रे घरात?"

म्हटलं, आजी, असई २३ सप्टेंबर १८०३ ची, मराठे अन् इंग्रजांची. मग २९ नोव्हेंबरला तिथलाच इंग्रज सेनापती वेलस्ली आपल्या आडगावला लढला. १५ डिसेंबरला गाविलगडही घेतला.

"आडगावले? आपल्या वावराकडं?" तिनं खुर्ची ओढली, बराच वेळ पाहत बसली.

संध्याकाळी फ्रेम देवघरासमोरून पडवीत गेली. खिळा पुन्हा ठोकला.