बैठक मुलांनीच चालवायची

टोरोंटोच्या पूर्वेकडील स्कारबरो भागातल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये गेली चार वर्षे मी दर शुक्रवारी संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. चौदा ते अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय आणि देशात नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी तिथे नेतृत्वाचा एक उपक्रम चालतो. मुलांना भाषण कसे करावे हे शिकवायचे असेल, अशा समजुतीने मी गेले होते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी मला खुर्च्या गोल मांडायला सांगितले आणि त्यानंतर गप्प बसायला, कारण बैठक मुलांनीच चालवायची हा तिथला नियम आहे.

२०२१च्या जनगणनेनुसार कॅनडात कृष्णवर्णीयांची संख्या पंधरा लाखांहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ४.३ टक्के आहे. पण या एका शब्दाखाली किती वेगवेगळी आयुष्ये येतात हे मला त्या खुर्च्यांमध्ये बसल्यावर कळले. आमच्याकडच्या एका मुलीचे पूर्वज अमेरिकन क्रांतीनंतर, १७८३च्या सुमारास, कॅनडाच्या पूर्वेकडील नोव्हा स्कोशिया प्रांतात आले. तरीही "तू मूळची कुठली?" हा प्रश्न तिला अजून विचारला जातो. तिच्या शेजारी बसणारा मुलगा दोनच वर्षांपूर्वी नायजेरियातल्या लागोसहून आला. शाळेच्या सर्वेक्षणातल्या वंशाच्या रकान्यापाशी आपली पेन्सिल थांबली, असे त्याने सांगितले. तोवर त्याला लोक विचारत ते गाव आणि भाषा. एकीला इथली असूनही परकी ठरवले जाते आणि दुसऱ्याला आल्याआल्याच एक तयार ओळख चिकटवली जाते. हे दोघे एकमेकांना ज्या सहजतेने समजावतात, ती मला कधीच साधली नसती.

शाळेत काय घडते याचे आकडेही उपलब्ध आहेत. यॉर्क विद्यापीठाचे कार्ल जेम्स यांच्या २०१७च्या अहवालात टोरोंटोच्या शाळांची माहिती आहे: विद्यापीठाकडे नेणाऱ्या 'अकॅडेमिक' प्रवाहात ८१ टक्के गोरे विद्यार्थी होते, तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ५३ टक्केच. नववीतली ही विभागणी टोरोंटो ज्यात येते त्या ओंटारिओ प्रांताने २०२१ आणि २०२२मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केली. ज्यांना त्याआधी "तुला हे झेपणार नाही" असे सांगितले गेले, त्यांच्या धाकट्या भावंडांना मात्र ते वाक्य अजून पाठ आहे.

एरिट्रियाहून आलेली सोळा वर्षांची एक मुलगी दवाखान्यात आईसाठी दुभाष्याचे काम करते. घरमालकाचे पत्र तीच वाचते आणि डॉक्टरांचे निदानही आईला त्यांच्या तिग्रिन्या भाषेत तीच सांगते. ओंटारिओत बारावीच्या पदविकेसाठी चाळीस तासांची समाजसेवा सक्तीची आहे आणि घरातली कामे त्यात धरत नाहीत. आमच्या युवा कार्यकर्तीने मात्र तिला शेजारच्या इतर कुटुंबांसाठी अर्ज समजावून सांगण्याचे काम दिले, त्याचे तास रीतसर नोंदवले आणि "हेच नेतृत्व आहे, तू ते आधीपासून करते आहेस" असे सर्वांसमोर सांगितले. त्या संध्याकाळी ती मुलगी पहिल्यांदा समुपदेशिकेशी बोलली. आईला वाईट बातमी आपल्या तोंडून द्यावी लागली, हे तिने तोवर कुणालाच सांगितले नव्हते.

आमच्या समुपदेशिकेचे वेगळे दालन नाही. ती जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून भात वाढते. स्वतः कृष्णवर्णीय असल्यामुळे तिला अनेक गोष्टी मुळापासून समजावून सांगाव्या लागत नाहीत. दारावर पाटी लावून बसलेल्या समुपदेशकाकडे ही मुले जात नाहीत, ताट हातात असताना मात्र बोलतात.

गेल्या हिवाळ्यात सहाशे डॉलर शिल्लक राहिले, तेव्हा नायगाराची सहल काढावी असे बहुतेकांचे मत होते. चाळीस मिनिटे वाद झाला आणि मध्ये पडण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. शेवटी लागोसच्या मुलाने, जो त्या दिवशी अध्यक्ष होता, कोपऱ्यातल्या दोन गप्प मुलांना विचारले. टीटीसीच्या, म्हणजे टोरोंटोच्या शहर वाहतुकीच्या, बसचा प्रवास बारा वर्षांपर्यंतच मोफत आहे आणि तिकिटाचे पैसे नसल्यामुळे आपण महिन्यातून दोनदाच येऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. पैसे तिकिटांसाठी ठेवायचे ठरले आणि सहलीचा विषय नंतर कुणी काढला नाही.

माझी तक्रार आहे ती अनुदानाच्या मुदतीबद्दल. ओंटारिओची कृष्णवर्णीय युवकांसाठीची योजना २०१७मध्ये चार कोटी सत्तर लाख डॉलरची, पण चार वर्षांसाठी जाहीर झाली होती आणि बहुतेक मदत अशीच ठराविक वर्षांसाठी असते. विश्वास बसायलाच इथे दीड-दोन वर्षे लागतात. आमच्या युवा कार्यकर्तीचा करार संपला, तेव्हा एक मुलगा दोन महिने आलाच नाही. मोठी माणसे निघून जातात, हे त्याने आधीच पुष्कळदा पाहिले होते.

नवी कार्यकर्ती येत्या सोमवारी रुजू होते आहे. मुलांनी तिच्यासाठी एक पान लिहून ठेवले आहे: कुणाच्या नावाचा उच्चार कसा करायचा, कोण डुकराचे मांस खात नाही, कुणाच्या आईला कामाच्या पाळीमुळे रात्री आठनंतरच फोन करायचा. सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित करून, लिहिले आहे की बैठक मुलेच चालवतात.