सहावरून पाच

गुडघेदुखीच्या रुग्णांना मी प्रत्येक भेटीत एक प्रश्न ठरलेला विचारते: दुखणे ० ते १० पैकी किती? परभणी जिल्ह्यातल्या एका मावशींनी जुलैत ६ सांगितले आणि चार महिने व्यायाम केल्यावर नोव्हेंबरात ५. सोबत आलेल्या मुलाचा चेहरा उतरला. संशोधक जॉन फरार आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दीर्घकालीन दुखण्याच्या रुग्णांबाबत दाखवले होते की, या मापावर साधारण २ अंकांची किंवा ३० टक्क्यांची घट झाली, म्हणजे रुग्णाला स्वतःला बराच आराम पडलेला असतो. त्या हिशेबाने मावशींना गुण आलेला नव्हता.

मी विचारले, "मावशी, तेव्हाचे सहा कशाचे आणि आताचे पाच कशाचे?"

"तवा ओसरीवर बसल्या बसल्या सहा होतं, ताई. आता दिवसभर कापूस वेचून पाच हाय."

आमच्या कागदावर हे लिहायला जागाच नव्हती, याचे मला फार वाईट वाटले. मिर्यम स्प्रांगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले होते की, आजारपणात माणसाची आतली मोजपट्टी बदलते, कशाला महत्त्व द्यायचे ते बदलते आणि 'बरे असणे' याचा अर्थही बदलतो. म्हणून दोन भेटींचे आकडे सरळ वजा करता येत नाहीत. आज मागे वळून जुने दुखणे किती वाटते, हेही मी विचारते, पण त्या आठवणीवर आजच्या प्रकृतीचा रंग चढलेला असतो, हे धरूनच.

उलट बाजूची चूक, म्हणजे उतरलेला प्रत्येक आकडा उपचाराचा गुण मानणे, मला अधिक घातक वाटते. दुखणे अगदी असह्य झाल्यावरच माणूस दवाखान्याची पायरी चढतो, त्यामुळे पुढच्या भेटीत आकडा काहीसा आपोआपच उतरतो. ऊसतोडीहून उन्हाळ्यात परतलेल्या बाईचा आकडा तर नुसत्या विश्रांतीनेही उतरेल. तुलनेला उपचार न घेतलेला गट नसताना ते सारे श्रेय आपल्या उपचाराला देणे ही रुग्णाची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मी आकड्याशेजारी त्या आठवड्यातले काम लिहिते. मावशींची पुढची भेट फेब्रुवारीत, ज्वारीच्या काढणीत येते. तेव्हा त्यांनी ७ सांगितले, तर आधी किती दिवस काढणीला गेल्या होत्या, हे विचारावे लागेल.