बूमच्या खाली बसवलेली सावली

पहाटे नांगर उचलला तेव्हा सावलीसाठी केलेल्या छताचा सांगाडा होडीच्या मागच्या कठड्याला घट्ट बसलेला होता. महिनाभराचे सगळे रविवार त्यात गेले होते आणि तीन दिवसांची ही फेरी त्याची पहिलीच परीक्षा होती.

माझी होडी 19 फुटी, एका डोलकाठीची, कॉकपिट, म्हणजे बसून होडी हाकायची जागा, पूर्ण उघडं. सुकाणूचा दांडा ज्याच्या हातात, त्याला उन्हातून उठून जाता येत नाही. शिडाची सावली पडते ती बहुधा आपण बसलेलो नसतो तिथेच. शिवाय पाण्यावरून उलटणारं ऊन वेगळं. मागच्या फेरीत टोपी असूनही माझी हनुवटीखालची कातडी सोलून निघाली होती. म्हणून हे काम मनावर घेतलं.

कठड्याच्या दोन उभ्या नळ्यांना क्लॅम्पने 25 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या जोडल्या, मध्ये रबराची पट्टी घातली, म्हणजे घसरत नाहीत. त्यांत तंबूला असतात तशा फायबरग्लासच्या काड्या कमानीसारख्या वाकवून खोवल्या आणि वर फिक्या रंगाचं ॲक्रिलिक कापड ताणलं. पीव्हीसीचा पाइप स्वस्त आणि कापायला सोपा, पण उन्हात तापून मऊ पडतो, म्हणून तो बाद केला. डेकला मात्र एकही भोक पाडलं नाही. डेकच्या दोन थरांमध्ये लाकूड असेल, तर भोकातून पाणी मुरून ते आतल्या आत कुजतं. ते टाळायचं तर आधी मोठं भोक पाडा, इपॉक्सीने भरा, मग त्यात हवं तेवढं भोक पाडा. हाताशी कठडा असताना एवढं कशाला करायचं?

नऊ वाजेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग वारा पाठीवर घेऊन वळायची वेळ आली. मी शिडाचा दोर ओढत होतो आणि धाकटा भाऊ ओरडला, "दादा, बूम!" शिडाखालचा तो आडवा दांडा कमानीवर आदळला आणि एक क्लॅम्प गर्रकन फिरला. चूक माझीच. धक्क्याला होडी बांधलेली असताना मी उंची मोजली होती. तेव्हा बूम वरच्या दोरीने उचलून धरलेला होता. शीड मधोमध ओढून घेतलं की तो चांगला वीतभर खाली येतो. हे माप शीड चढवून, दोर पुरता आवळूनच घ्यायला हवं. तिथेच पाना काढला आणि नळ्या वीत आणि चार बोटं खाली सरकवल्या. आता कापडाखाली उभं राहता येत नाही, टाळू टेकते, पण सुकाणूवर बसूनच असायचं असल्याने मला ते चालतं. पुढची कडही हातभर मागे दुमडली. शीड आणि डोलकाठीच्या टोकाचं वाऱ्याचं निशाण दिसलं नाही, तर सावली असूनही होडी आंधळेपणानेच हाकावी लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला. वेग दुप्पट झाला की कापडावरचा रेटा चौपट होतो. दोन चौरस मीटर कापडावर ताशी 20 किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर रेटा सुमारे 4 किलो वजनाइतका, 40 चा झाला की 16 किलोच्या आसपास. त्यात हे सगळं होडीच्या शेपटाकडे, त्यामुळे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सारखी वाऱ्याकडे वळू पाहते आणि सुकाणू ओढून ओढून खांदा भरून येतो. कापड काढायला हवं होतं, आणि मी कोपऱ्यांना पक्क्या गाठी मारल्या होत्या! ओल्या दोरीच्या त्या गाठी सुटेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी आडोशाच्या खाडीत नांगर टाकल्यावर त्या सगळ्या कापल्या आणि आकडे लावलेली इलॅस्टिकची दोरी बसवली. ती झोत आला की ताणून देते आणि एका हाताने निघते. मागे कापडाची एक बाजू उभी सोडून ठेवली, तर होडीचं नांगरावर इकडेतिकडे झुलणंही कमी झालं. शेपटाकडचं जे कापड दुपारी छळत होतं, तेच रात्री नाळ वाऱ्यात धरून राहिलं. हे मला फार आवडलं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. पाणी आरशासारखं, ऊन डोक्यावर. होडी हळूहळू फिरली की सावलीही कॉकपिटभर फिरायची, मग आम्ही एका बाकावरून दुसऱ्यावर सरकायचो. तीनच्या सुमारास भावाने टोपी काढून बाजूला ठेवली आणि दांडा स्वतःच्या हातात घेतला.