रहबामाचे सोबती आणि आपले

जून महिन्यात शाळा-कॉलेजे सुरू झाली की आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या कितीतरी आईवडिलांच्या तोंडी एकच विनंती असते: "पोरगं चांगल्या संगतीत राहावं, एवढी प्रार्थना करा." ही प्रार्थना मी मनापासून करतो. मात्र चांगली संगत म्हणजे नेमके काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर व्यसनांपाशी येऊन थांबते. मित्र मावा खात नाहीत, दारूला शिवत नाहीत, वेळेवर घरी परततात, म्हणजे संगत चांगली. हे सारे महत्त्वाचे आहेच. परंतु पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, सोबतीची पारख याहून खोल आहे. एखाद्याच्या सहवासातून उठल्यावर आपण तिसऱ्या माणसाशी, विशेषतः ज्याला उलट बोलण्याची सोय नाही अशा माणसाशी, कसे वागतो, यावरून ती संगत ओळखावी, असे मला फार वाटते.

राजांच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय या दृष्टीने वाचून पाहा. इस्राएलचा राजा शलमोन मेल्यावर त्याचा मुलगा रहबाम राजा होण्यासाठी शखेम नगरास गेला, तेव्हा लोकांनी त्याच्यापुढे एकच मागणे ठेवले, की तुमच्या वडिलांनी आमच्यावर लादलेले जड जू थोडे हलके करा. त्याने तीन दिवसांची मुदत घेतली. शलमोनाच्या दरबारातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितले की आज तू या लोकांचा सेवक झालास आणि त्यांच्याशी ममतेने बोललास, तर ते कायमचे तुझे होतील. मग त्याने आपल्याबरोबर लहानाचे मोठे झालेल्या तरुणांना विचारले, आणि त्यांनी त्याला उर्मट उत्तर पढवले. तिसऱ्या दिवशी तो लोकांना म्हणाला, की माझ्या बापाने तुम्हांला चाबकांनी शासन केले, मी विंचवांनी करीन. त्या एका उत्तराने इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहा वंश तुटून निघाले आणि त्याच्या आजोबांचे, दावीदाचे, राज्य दुभंगले.

या तरुणांबद्दल शास्त्रात व्यसनाचा किंवा व्यभिचाराचा एक शब्दही नाही, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. ते बहुधा चांगल्या घरचे, राजवाड्यात वाढलेले, दिसायला सभ्य असेच असतील. त्यांनी आपल्या मित्राला शिकवले ते इतकेच, की खालच्या माणसाशी नमून बोलणे हा दुबळेपणा आहे. आणि रहबामाने वडीलधाऱ्यांना विचारले नव्हते असेही नाही. विचारले होते, पण मन आधीच दुसऱ्या बैठकीत रमलेले होते.

अशा बैठका आजही भरतात. संध्याकाळी आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर चहाच्या गाडीपाशी बसलेल्या पोरांच्या घोळक्याकडे पाहावे. त्यातला एकजण टेबल पुसणाऱ्या मुलाला "ए बारक्या, हिकडं ये की!" असे ओरडून बोलावतो, बाकीचे हसतात, आणि दोनच आठवड्यांत एरवी घरी मवाळ असणारा मुलगाही त्याच सुरात ओरडू लागतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांचेही तसेच आहे. रोज कोणाच्या तरी रंगावर, जातीवर किंवा अडखळत्या बोलण्यावर जेथे विनोद होतात, त्या ग्रुपमध्ये आपण स्वतः काही लिहीत नसलो तरी आपण त्यात बसलेलोच असतो. पहिल्या स्तोत्रात निंदकांच्या बैठकीत न बसणाऱ्याला धन्य म्हटले आहे, आणि मला वाटते की अशा ग्रुपमधून शांतपणे बाहेर पडणे हे त्या वचनाचे अगदी साधे पालन आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या मंडळीत एक वयस्कर गृहस्थ आहेत. उपासना संपली की ते आधी फाटकापाशी जाऊन वॉचमनला "जेवलासा काय?" असे विचारतात, उत्तर ऐकायला थांबतात, मग इतरांना सलाम करतात. त्यांना घरी सोडायला जाणारा एक कॉलेजचा मुलगा आता ते सोबत नसतानाही फाटकापाशी थांबतो. कोणी त्याला तसे सांगितलेले नाही.

कोल्हापूरकरांना तर हे समजावून सांगण्याची गरजच पडू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना स्वतःचे चहाचे दुकान काढायला मदत केली. पुढे महाराज तेथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. त्या सोबतच्यांपैकी किती जणांच्या घशाखाली तो पहिला घोट सहज उतरला असेल, हे आपल्याला कळणार नाही. तरी त्यांना तो घ्यावा लागला, कारण ते अशा माणसाबरोबर चालत होते.

यावर कोणी विचारील की मग वाईट माणसांना टाळायचे का? आपला प्रभू तर जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र म्हणवला गेला. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी तो आपणहून उतरला. "कुसंगतीने नीती बिघडते" असे करिंथ शहरातल्या मंडळीला पत्राने बजावणाऱ्या पौलानेच त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात खुलासा केला आहे, की जगातल्या पापी लोकांशी संबंधच ठेवू नका असे माझे म्हणणे नाही, नाहीतर तुम्हांला जगातूनच निघून जावे लागेल. प्रेम कोणावर करायचे, याची निवड करण्याची मुभा आपल्याला दिलेली नाही. मसलत कोणाची घ्यायची, याची निवड मात्र करावीच लागते. बारा प्रेषित निवडण्याआधी येशूने डोंगरावर सारी रात्र प्रार्थनेत घालवली, असे लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो, आणि त्यांनी आपल्याबरोबर असावे म्हणून त्यांना नेमले, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. आपण मात्र जवळचे मित्र केवळ बाकाशेजारच्या बाकामुळे किंवा एका गल्लीमुळे मिळाले म्हणून धरून ठेवतो आणि त्यांच्यासाठी एकदाही प्रार्थना करीत नाही.

सोबती कसा असावा, हे विचाराल तर मी पहिल्या मंडळीतल्या बर्णबाकडे बोट दाखवीन. यरुशलेमेतले शिष्य पूर्वी मंडळीचा छळ करणाऱ्या शौलाला, म्हणजे याच पौलाला, भीत होते, तेव्हा बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला. पुढे तरुण मार्क पंफुल्या प्रांतात सुवार्तेच्या कामातून मागे फिरला, म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर न्यायला तयार होईना. त्यावरून दोघांत तीव्र वाद झाला, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. बर्णबाने त्याला सोडले असते तर मार्काचे काय झाले असते, हा विचार मनाला चटका लावतो. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, बंदिवासातून, मार्काला आपल्याबरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे, असे म्हटले आहे.

आपल्या तरुण संघात असे एकदोन मार्क नक्कीच आहेत, जे काही महिन्यांपासून येईनासे झाले आहेत आणि ज्यांच्याबद्दल आपण "वाया गेला" असे बोलून मोकळे होतो. या रविवारच्या आत त्यांच्यापैकी एकाच्या घरी जावे. चहा घ्यावा, त्याच्या कामाची चौकशी करावी, आणि तो का येत नाही हे पहिल्याच भेटीत विचारू नये.