तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी येत असताना तिच्या भाषाविज्ञानात एम.ए. कशाला?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, त्यांचे पालकही विचारतात: ‘‘मॅडम, इंग्रजी तर तुम्हाला येतच होतं, मग त्याच भाषेच्या भाषाविज्ञानात एम.ए. कशाला केलंत? आणि आमच्या मुलीने करावं का?’’

आधी एक सांगते. इंग्रजी सुधारावं म्हणून इकडे येऊ नका, फाडफाड बोलायला इथे कोणी शिकवत नाही. कथा-कादंबऱ्यांत जीव रमत असेल तर खुशाल साहित्य घ्या. इथे अभ्यास होतो तो माणसं प्रत्यक्षात कशी बोलतात याचा: ध्वनी तोंडात कुठे तयार होतो, शब्द कसे घडतात, वाक्य कसं जुळतं.

माझं मन या विषयात बसलं ते ‘प’मुळे. मराठीत प, फ, ब, भ हे चार वेगळे ध्वनी आहेत, त्यांच्या अदलाबदलीने अर्थ बदलतो. इंग्रजीत तसं नाही. लंडनचा माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा त्याच्या ओठांतून हवेचा झोत बाहेर पडतो, ‘स्पिन’ म्हणताना पडत नाही. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली तर ‘पिन’ला ती हलते, ‘स्पिन’ला जेमतेम. पण या फरकाने त्याच्या भाषेत अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो त्याच्या गावीही नसतो. आपण ‘पिन’ म्हणताना मराठीतला साधा, बिनझोताचा प वापरतो आणि त्याला कधीकधी चक्क ‘बिन’ ऐकू येतं.

ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं ‘प्रात’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आपलाच आवाज रेकॉर्ड केला, की ओठ उघडल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत मोजता येतो. ‘तुझा उच्चार गावठी आहे’ असं ऐकून कितीतरी हुशार पोरं वर्गात तोंड उघडायची बंद होतात. त्यांच्या उच्चाराला त्यांच्या मातृभाषेची किती पक्की शिस्त असते, ते मला त्या पडद्यावर दिसलं. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

या वाटेने आपला माणूस कधीच पुढे गेला आहे. अशोक केळकरांनी १९५७ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी माणसाच्या इंग्रजीवर शोधनिबंध लिहिला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाविज्ञान शिकवलं. आपल्या बोलण्याकडे हसण्याचा विषय म्हणून न बघता अभ्यासाचा विषय म्हणून बघायचं, हे मला त्यांच्यामुळे सुचलं.

आता नोकरीचं. पालकांचा खरा प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. प्राध्यापक होण्यासाठी द्यावी लागणाऱ्या नेट या पात्रता परीक्षेत इंग्रजी आणि भाषाविज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत. आपल्याकडच्या महाविद्यालयांत जागा निघतात त्या बहुतेक इंग्रजीच्या. स्वतंत्र भाषाविज्ञान विभाग मोजकेच. म्हणून पदवीवर नेमकं काय छापून येणार, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. इंग्रजीतून एम.ए. करून भाषाविज्ञानाचे पेपर निवडता येत असतील, तर प्राध्यापक व्हायचं असणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. हैदराबादचं इफ्लू, म्हणजे १९५८ साली इंग्रजीची मध्यवर्ती संस्था म्हणून सुरू झालेलं इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ, आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचा. शिकवण्यापलीकडे शब्दकोश, भाषांतर आणि यंत्रांना बोली समजावी म्हणून चालणारं काम आहे. त्यासाठी जोडीला थोडं प्रोग्रॅमिंग शिकावं लागतं.

मुलीने करावं का, हे तिलाच ठरवू द्या. घरातल्या कोणाच्या तरी पाच मिनिटांच्या गप्पा त्यांना विचारून रेकॉर्ड करायला सांगा. मग त्या गप्पा जशा झाल्या तशाच, अडखळणं आणि अर्धवट सोडलेली वाक्यं धरून, उतरवून काढायला सांगा. वेळ खूप जातो. त्या कामात ती जेवायची हाक विसरली, तर फॉर्म भरा.