हार्नेसपासून खाद्यापर्यंत : आमची वाटचाल

आमचा धंदा मुळात हार्नेसचा, म्हणजे ओढकामासाठी कुत्र्याच्या अंगावर चढवायच्या पट्ट्यांचा. हस्की, मॅलॅम्यूट अशा स्लेड (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांना मापाने हार्नेस शिवून द्यायचो, खाद्याशी काही संबंधच नव्हता. पण माप घ्यायचं म्हणजे कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवावाच लागतो, आणि या जातींचा डबल कोट, म्हणजे केसांचा दुहेरी थर, इतका दाट की डोळ्यांना धष्टपुष्ट दिसणारा कुत्रा हाताला वेगळाच लागतो, केसांखाली बरगड्या नुसत्या वर आलेल्या. उलटंही व्हायचं, दाबूनसुद्धा बरगडी सापडायची नाही आणि मालक म्हणायचा कोटमुळे जाड दिसतोय. भर सीझनमध्ये हार्नेस ढिला झाला म्हणून लोक परत यायचे, बघितलं तर शिवण जशीच्या तशी, कुत्राच उतरलेला. मग खायला काय देता हे विचारणं आलंच, आणि त्यातूनच आम्ही खाद्यात शिरलो.

तेव्हापासून आमचं एक मत पक्कं आहे, खाद्य जात बघून नाही, काम बघून निवडायचं. पिशवीवर हस्कीचा फोटो असला म्हणून आतलं खाद्य ओढणाऱ्या हस्कीला पुरेल असं नाही. २५ किलोच्या, रोज बऱ्यापैकी हिंडणाऱ्या कुत्र्याला साधारण १४०० ते १५०० कॅलरी लागतात, आणि तोच कुत्रा कडाक्याच्या थंडीत लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावला तर गरज १०,००० पर्यंत जाते. आता साधं किबल, म्हणजे कोरडं दाणेदार खाद्य, १०० ग्रॅमला ३५० कॅलरी देतं धरलं तर हे झालं पावणेतीन किलोच्या वर, एवढं कोरडं खाद्य दिवसात त्याच्या पोटात घालणार कसं? म्हणून फॅट. ग्रॅमला ग्रॅम बघितलं तर प्रोटीन आणि कार्बच्या दुपटीहून जास्त ऊर्जा फॅटमध्ये असते, आणि कुत्र्याचं शरीर लांब पल्ल्याला मुख्यतः फॅटवरच चालतं. प्रोटीनलाही कात्री लावायची नाही, कडक ट्रेनिंगमध्ये ते कमी पडलं तर रक्तातल्या लाल पेशी घटतात, दुखापती वाढतात, शिवाय कोट गळून नवीन येतो तेव्हा केसांना लागणारं प्रोटीन वेगळंच, कारण केस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच.

आमची पहिली रेसिपी म्हणून ३०-२० ची झाली, ३० टक्के प्रोटीन आणि २० टक्के फॅट. एवढं सगळं फॅट पिठातच घातलं तर एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे पीठ दाबून दाणे पाडणाऱ्या यंत्रातून, दाणे नीट फुलत नाहीत, त्यामुळे बरंचसं फॅट दाणे वाळल्यावर वरून चढवावं लागतं आणि व्हॅक्यूममध्ये चढवलं तर ते आतपर्यंत मुरतं. हे जमेल असा प्लांट शोधण्यातच आमचा बराच काळ गेला.

सगळ्यात जास्त विचार केला तो झिंकचा. हस्की आणि मॅलॅम्यूटमध्ये काही कुत्र्यांना जन्मतःच झिंक नीट शोषता येत नाही, मग डोळ्यांभोवती, तोंडाभोवती केस जातात, खपल्या धरतात. धान्यांतलं फायटेट (खनिजांना धरून ठेवणारा घटक) आणि जास्तीचं कॅल्शियम झिंकला आणखी अडवतं. त्यामुळे खाद्यात झिंक किती आहे एवढं बघून भागत नाही, त्याच्यासोबत काय आहे तेही बघायचं, आणि चांगल्या खाद्यावर वरून कॅल्शियमची पावडर टाकू नका हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. खपल्या दिसल्या तर मात्र आधी व्हेट, झिंकच्या गोळ्या मनाने देऊ नका, जास्त झालं तर झिंक विषारी ठरतं.

दुसरी रेसिपी सीझन संपल्यावरची, फॅट कमी असलेली. काम थांबलं आणि वाटी तीच राहिली तर ही कुत्री कोटाखाली गुपचूप जाड होतात, आणि बसून असलेल्या कुत्र्याला एकदम तेलकट खाद्य दिलं तर पॅन्क्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका. म्हणून बदल करायचा तो ७ ते १० दिवसांत, थोडं जुनं थोडं नवं असं करत, आणि रोज शी बघायची, सैल झाली की वेग कमी.

वेळेचंही तसंच, भरपेट जेवण कामाच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर नको, मोठं जेवण कामानंतर कुत्रा शांत झाल्यावर. पाणी मात्र आधी. थंडीत ही कुत्री साधं पाणी दिलं तर पीत नाहीत, बर्फ चाटतात आणि तो वितळवण्यात अंगातली उष्णता जाते, म्हणून स्लेडवाले कोमट पाण्यात थोडं मांस घालून देतात, कुत्री मांसाच्या वासाने सगळं पिऊन टाकतात.

मोठी पिशवी काढा अशी मागणी सारखी येते, आम्ही काढलेली नाही. एवढं फॅट आणि त्यात माशाचं तेल, पिशवी उघडली की हवा लागते आणि व्हिटॅमिन ई घातलेलं असलं तरी खाद्य हळूहळू खवट होत जातं. ज्यांच्याकडे मोठी टीम आहे ते एकदम जास्त पिशव्या नेतात, एकदोन कुत्रेवाल्यांना आम्ही महिन्याभरात संपेल एवढीच देतो, आणि डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा असं सांगतो.