सेकंडहँड वॅगन आर आणि ते 20 हजार

2025 च्या दिवाळीनंतर गाडी घ्यायची ठरलं, आई-बाबांना दर महिन्याला गावाला न्यावं लागतं आणि दरवेळी भाड्याची गाडी परवडेना. बजेट पावणेचार लाख, त्यामुळे नवीनचा विषयच नव्हता. पिंपरीतल्या एका डीलरकडे 2018 ची वॅगन आर व्हीएक्सआय बघितली, एमएच 14, पेट्रोल, सिंगल ओनर, मीटरला 58 हजार. किंमत 3,95,000. तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, डॉक्टरची गाडी आहे, फक्त घर ते क्लिनिक." एवढे डॉक्टर गाड्या विकतात तर पेशंट कधी बघतात कोण जाणे.

पहिल्या दिवशी किमतीचं काहीच बोललो नाही. आमच्या मेकॅनिकला सोबत नेलं होतं, तो गाडीभोवती दोन चकरा मारून खाली बसला आणि टायरवरचे चार आकडे वाचले. शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते. चारही 2018 चे, म्हणजे कंपनीतून आलेले, नक्षी शिल्लक दिसते पण रबर कडक झालेलं. क्लच वरती लागत होता, म्हणजे झिजलेला. डाव्या मागच्या दाराचा रंग उन्हात जरा वेगळा दिसला, तिथं डेंटिंग-पेंटिंग झालंय हे पोरग्याने पण मान्य केलं. सर्व्हिस हिस्टरी मागितली तर दोन दिवसांनी दिली, मीटर बरोबर निघालं. हे मात्र चांगलं झालं, नाहीतर मी तिथंच सोडणार होतो.

घरी येऊन परिवहनच्या साइटवर नंबर टाकला तर आरसीवर अजून बँकेचा बोजा. लोन फिटलं होतं म्हणे, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन नाव काढायचं राहून गेलेलं. ई-चलान तीन बाकी, 2,500 रुपये. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट पण बसवलेली नव्हती.

दुसऱ्या वेळी बायकोला घेऊन गेलो. मी 3,50 म्हटलं, पोरगा हसला, "मालकांना विचारून येतो" करत तीनदा आत गेला. मी म्हटलं, सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 झालाय, नवीन वॅगन आर आता पाच लाखांच्या आतून सुरू होते, मग सात वर्षं जुनीला चार लाख कोण देणार? शेवटी डीलरशिपचे मालक स्वतः बाहेर आले, चहा मागवला आणि म्हणाले, "चला, तुमच्यासाठी 20 हजार कमी, 3,75 फायनल." मला खरंच वाटलं की जिंकलो. टोकनचे पाच हजार काढायला खिशात हात पण घातला.

बायको म्हणाली, "आधी हिशोब कागदावर द्या."

कागद आला. आरटीओ ट्रान्सफर 9,000, डॉक्युमेंटेशन 5,000, नंबरप्लेट 2,000, इन्शुरन्स 12,500. बेरीज केली तर 4,03,500! म्हणजे 3,95 ची गाडी 20 हजारांनी स्वस्त होऊन साडेआठ हजारांनी महाग झाली. वर तोंडी "जीएसटी वेगळा, 18 टक्के". मी विचारलं, कशावर? जुन्या गाडीवर डीलरला जीएसटी त्याच्या मार्जिनवर, म्हणजे घेतलेल्या आणि विकलेल्या किमतीतल्या फरकावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, मग तुमचं मार्जिन किती ते सांगा, त्यावर देतो. जीएसटीचा विषय तिथंच संपला.

मग मी गाडीची किंमत बाजूलाच ठेवली. नंबरप्लेटचे चारचाकीला 745 अधिक जीएसटी, म्हणजे नऊशेच्या आत. ट्रान्सफरची सरकारी फी काही शेकड्यांत असते, बाकी एजंटचे. इन्शुरन्स मी माझा काढतो, कारण जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, तसाही मला मिळणार नव्हता. एकच आकडा सांगा ज्यात मालकी बदलाचे फॉर्म 29, 30, बँकेचा बोजा उतरवणं, चलान, प्लेट सगळं आलं. मी 3,60 म्हटलं आणि टायर-क्लचचा खर्च दाखवला, टायरचेच साडेचौदा हजार मेकॅनिकने सांगितलेले. ते 3,72 ला अडले. आम्ही उठलो, पार्किंगपर्यंत आलो, कोणी मागे आलं नाही, जरा पोटात गोळा आला कारण गाडी मला आवडली होती.

फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. 3,68, सगळं धरून.

मी हो म्हटलं पण एक अट घातली, 15 हजार आरसी माझ्या नावावर झाल्यावर. यावर मालक जेवढे चिडले तेवढे किमतीवर पण चिडले नव्हते. "विश्वास नाही का साहेब?" म्हटलं विश्वास आहे, पावतीवर लिहून द्या. अर्ध्या तासाने लिहून दिलं.

इन्शुरन्स मला ऑनलाइन 8,200 ला मिळाला. टायर लगेच बदलले, क्लच अजून तसाच चालवतोय. ट्रान्सफरला मी रोज फोन करावा लागेल असं धरून चाललो होतो, पण या 15 हजारांमुळे दर आठवड्याला तिकडूनच फोन यायचा, आज बँकेची एनओसी आली, आज फाइल गेली. चाळिसाव्या दिवशी सकाळी सव्वाआठला पोरग्याचा फोन, "साहेब, ऑनलाइन तुमचं नाव दिसतंय. मालक विचारतायत, पैसे गुगल पे करता की येताय?"